मोजून विकलं, न मोजता खाल्लं

बार्शीत आमचं किराणा दुकान आहे. १९७८ साली वडिलांनी मला गल्ल्यावर बसवलं, तेव्हा पहिलं काम दिलं ते सुट्टं तेल मोजण्याचं. पत्र्याची मापं, त्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का, खाली नरसाळं आणि गिऱ्हाइकाची बाटली. तेल ओतून झालं तरी माप लगेच उचलायचं नाही, शेवटचा थेंब गळेपर्यंत उलटं धरायचं, ही वडिलांची ताकीद. गिऱ्हाइकाचा एक थेंबही आपल्याकडे राहता कामा नये, असं ते म्हणायचे. मी ती ताकीद चाळीस वर्षं पाळली. पण त्या चाळीस वर्षांत आमच्या स्वतःच्या घरात महिन्याला किती तेल जातं, ते एकदाही मोजलं नाही.

२००८ साली मला मधुमेह निघाला. २०१९ साली हृदयविकाराचा झटका येऊन दोन स्टेंट बसले. मी डॉक्टर नाही. पण तेल विकलंही आहे आणि त्याचा हिशेब शरीराने चुकताही केला आहे, म्हणून अनुभवाच्या या काही गोष्टी लिहितो.

१. घाम सुटला म्हणजे साखरच उतरली, असं धरून चालू नका

दिवाळीचा आठवडा होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बेसन, रवा, पिठीसाखर, तेलाच्या पिशव्या, सगळं हातोहात जात होतं. दुपारी चारच्या सुमारास मला दरदरून घाम फुटला. शर्ट पाठीला चिकटला. जबडा जड झाला आणि दम लागल्यासारखं वाटायला लागलं. छातीत मात्र अजिबात दुखत नव्हतं. आम्हा मधुमेह्यांना एकच पाठ असतं : घाम आला म्हणजे साखर उतरली. मी समोरच्या बॉक्समधले दोन पेढे तोंडात टाकले, पाणी प्यायलो आणि पुन्हा बिलं करायला लागलो. अर्धा तास गेला, घाम थांबेना. पुतण्याने ग्लुकोमीटर आणून बोटाला सुई टोचली. आकडा आला १८६. साखर उतरलेली नव्हतीच.

त्या पोराने पुढचं काही न विचारता मला रिक्षात घातलं. ईसीजी काढला आणि तिथून थेट सोलापूरला नेलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं की बरीच वर्षं मधुमेह असला की नसा बोथट होतात, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत कळ येईलच असं नाही. घाम, दम, मळमळ, जबडा किंवा खांदा भरून येणं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटणं, एवढीच खूण मिळते. बायकांच्या बाबतीत तर हे फार होतं आणि त्या 'पित्त झालं' म्हणून कामाला लागतात.

घाम आला तर आधी साखर तपासा. मशीन हाताशी नसेल तर साखर जरूर खा, पण दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर घरी बसू नका. ईसीजीला जा.

दवाखान्यात पडल्या पडल्या मला एक गोष्ट लख्ख दिसली. अकरा वर्षं मी फक्त साखर सांभाळली होती. बिनसाखरेचा चहा घ्यायचो आणि त्यात खारी बुडवून खायचो. जिलबीकडे पाहायचो नाही, पण भजी 'गोड नाही' म्हणून चालायची. मधुमेह्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या कानात शिरलं नव्हतं.

२. तेलाच्या कॅनवर तारीख घाला

घरी आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घरात महिन्याला तेल किती लागतं?" मी सौ.कडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. दुकान घरचं, संपलं की दुकानातून पोरगा नवीन कॅन आणून ठेवायचा. कुणाला ठाऊक असणार?

त्या दिवशी नवा पाच लिटरचा कॅन फोडला आणि त्यावर स्केच पेनने तारीख घातली. घरात आम्ही तिघं : मी, सौ. आणि माझी आई. बरोबर एक महिन्याने कॅन उलटा केला तेव्हा तळाला दोन चमचे उरलं होतं. आता हिशेब करा. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. तीन माणसं, तीस दिवस. माणशी रोजचे पन्नास ग्रॅम. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक असतात, पिठातल्या पिष्टात किंवा डाळीतल्या प्रथिनांत चारच. म्हणजे रोजचे साडेचारशे उष्मांक नुसत्या तेलाचे, आणि तूप, लोणी, फरसाण वेगळंच.

बाईंनी सांगितलं होतं ते माणशी पाच छोटे चमचे, त्यातच तूपही आलं. पुढे २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच धरलं आहे. आम्ही जवळजवळ दुप्पट खात होतो, आणि आमच्या घरचा स्वयंपाक आम्ही 'साधा' समजत होतो.

मग शोध लागला फोडणीच्या पळीचा. सौ.चा हात बसलेला, आमटीला एक पळी, भाजीला दोन. मी दुकानातलं जुनं पन्नास मिलीचं माप माळ्यावरून काढलं, घासलं, आणि आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून पळीने त्यात पाणी ओतायला लागलो. अडीच पळ्यांत माप भरलं. म्हणजे एक पळी वीस मिलीची, चार छोटे चमचे! दोन पळ्यांची वांग्याची भाजी तिघांनी खाल्ली की त्या एका भाजीतूनच माणशी अडीच चमच्यांहून जास्त तेल पोटात. सौ. बराच वेळ त्या पळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंनी दिलेली पळी आहे, अहो. मी कधी विचारच केला नाही." दुसऱ्या दिवसापासून फोडणीला छोटा चमचा आला. पळी आता आमटी वाढायला आहे.

आज तोच कॅन दोन महिने जातो. काय सोडलं म्हणाल तर फार काही नाही. कांदा परतताना तेल कमी पडलं की तेलाऐवजी दोन चमचे पाणी शिंपडायचं, कढईवर झाकण घालायचं. पोळी भाजताना तेल लावायचं नाही. रात्री ज्वारीची भाकरी, तिला तेल लागतच नाही. 'तर्री' नावाचा प्रकार मात्र बंद. पहिले पंधरा दिवस भाजी बेचव लागली हे खरं आहे. मग जिभेला सवय झाली, आणि आता लग्नातली पंगत तेलकट लागते.

आईचं वय तेव्हा ८४. तिच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा आम्ही काढला नाही. एकाच घरात सगळ्यांना एकच माप लावायचं नसतं.

३. दूध मोजलं नाही तर तेल मोजून उपयोग नाही

घरी म्हशीचं दूध, सायीसकट. बाईंनी हिशेब मांडला : सहा टक्के स्निग्धांश धरला तरी तीनशे मिली दुधात अठरा ग्रॅम. इकडे चमचा चमचा वाचवायचं आणि तिकडे पेल्यातून चार चमचे प्यायचं! आता दूध तापवून, थंड करून साय काढून घेतो. सायीचं तूप होतं ते आईला आणि नातवंडांना.

४. 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून तेल घेऊ नका

हे मी दुकानदार म्हणून सांगतो. गिऱ्हाईक पिशवी उलटसुलट करून बघतं, त्यावर हृदयाचं चित्र असतं आणि 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं, आणि ते समाधानाने पैसे देतं. मीही पूर्वी तेच दाखवून माल खपवला. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, पाम, कुठल्याही वनस्पती तेलात ते सांगण्यासारखं नसतंच. आपल्या शरीरातलं कोलेस्टेरॉल वाढतं ते मुख्यतः संपृक्त (सॅच्युरेटेड) आणि ट्रान्स स्निग्धांमुळे. पाहायचं असेल तर मागच्या बाजूच्या तक्त्यात हे दोन आकडे पाहा.

५. कोणतं तेल? आधी किती, मग कोणतं

मला दिवसातून चारदा हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला एकच नाव हवं असतं. तसं नाव नाही. पण फरक आहे तो सांगतो.

आमच्या सोलापूर भागाची दोन तेलं, करडई आणि शेंगदाणा. करडईत संपृक्त स्निग्ध फार कमी, दहा टक्क्यांच्या आतच. शेंगदाण्यात साधारण पाचवा हिस्सा, पण उरलेल्यात एकल असंपृक्त स्निग्ध भरपूर, आणि ते हृदयाला मानवतं. मोहरीच्या तेलात आणि सोयाबीनमध्ये थोडं ओमेगा-३ आहे, जे करडईत आणि शेंगदाण्यात नसल्यासारखंच. उलट बाजूला पाम तेल, त्यात निम्मं संपृक्त. तुपात साठ टक्क्यांच्या वर. खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसांना हे ऐकवत नाही याची मला कल्पना आहे. नारळ सोडा असं मी म्हणत नाही. पण मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असतील तर रोजच्या फोडणीला खोबरेल नको, वाटणातलं खोबरंही मोजून.

आम्ही एक महिना शेंगदाणा, एक महिना करडई, मधून मोहरी असं फिरवतो. तूप वरणभातावर छोटा एक चमचा. तूप हे विष नाही आणि औषधही नाही. 'देशी गाईचं आहे, कितीही खा' असं सांगणारा माणूस तुमच्या दवाखान्याचं बिल भरायला येणार नाही.

आता लाकडी घाण्याचं. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली घाणे निघाले. मलाही ते तेल आवडतं, वास घमघमीत, ई जीवनसत्त्वही त्यात जास्त टिकतं. पण दोन गोष्टी ऐका. एक, घाण्याच्या तेलातही ग्रॅममागे नऊच उष्मांक आहेत, ते 'शुद्ध' आहे म्हणून दोन चमचे जास्त घालाल तर फायदा उलटा होईल. दुसरी गोष्ट धंद्यातली. घाण्यावर शेंगा कशा आल्या ते डोळ्यांनी बघा. ओल धरलेल्या, काळपट, कडवट दाण्यांत बुरशीचं विष असतं आणि ते गाळून निघत नाही. रिफाइंडमध्ये प्रक्रियेत ते जातं, घाण्याच्या तेलात राहतं. चांगले दाणे तुमच्यासमोर घाण्यात पडत असतील तरच तिथलं तेल घ्या.

६. डालडा गेला, खारी राहिली

वनस्पती तूप म्हणजे द्रव तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि पुढे सगळ्याच वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायला लागलो. या घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स स्निग्ध तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात, म्हणजे दोन्हीकडून मार. सरकारने टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली आणली. आता जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स स्निग्ध दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. ही मोठी गोष्ट झाली.

तरी निश्चिंत होऊ नका. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटं, फरसाण यांत आता ट्रान्सच्या जागी बहुतेक पाम तेल आहे, म्हणजे संपृक्त स्निग्ध, शिवाय मैदा आणि मीठ. 'शुगर फ्री' बिस्किटाचा पुडा घेणारे मधुमेही माझ्याकडे रोज येतात. मी आता पुडा उलटा करून त्यांना घटक वाचून दाखवतो. दोन पुडे कमी खपतात. खपू देत.

७. तळलेलं तेल किटलीत परत ओतू नका

प्रत्येक घरात ही किटली असते. पापड तळलेलं, पुऱ्या तळलेलं तेल गाळून तिच्यात, आणि दुसऱ्या दिवशी तेच फोडणीला. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ऑक्सिडीकरण होऊन शरीराला घातक घटक साठत जातात. हॉटेलवाल्यांना यासाठी कायदाच आहे : २०१८ पासून तेलातले एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं. घरी ते मोजायचं यंत्र नाही, पण डोळे आहेत. तेल काळं पडलं, दाट झालं, फेसायला लागलं, आधीपेक्षा लवकर धुरायला लागलं, की ते संपलं. त्यापेक्षा छोट्या कढईत थोडंच तेल घ्या, तळा आणि उरलेलं एक-दोन दिवसांत भाजीला संपवा.

रस्त्यावरचा वडा खाण्याआधी एकदा कढईत डोकावा. मी डोकावतो आणि बहुतेक वेळा पुढे निघतो.

८. तेल कमी करून त्या जागी साबुदाणा खाल्ला तर काहीच साधलं नाही

ही माझी मोठी चूक. पहिल्या तीन महिन्यांत मी तेल निम्म्यावर आणलं, वजन थोडं उतरलं, आणि मोठ्या हौसेने रक्त तपासायला दिलं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल खाली आलं होतं, पण रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, १८० वरून २६०! मला समजेना. डॉक्टरांनी विचारलं, "भूक लागते तेव्हा काय खाता?" मी मोजून दाखवलं : तेल कमी, म्हणून पोट भरायला जास्तीचा भात, दुपारी चुरमुरे, संध्याकाळी टोस्ट, आणि गुरुवारी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. सगळं पिष्टमय. जास्तीची साखर आणि पिष्ट यकृतात जाऊन तिथे त्याची चरबीच होते, आणि मधुमेहात हे जास्त होतं. तेलातून घालवलेलं मी भातातून परत आणलं होतं.

तेव्हा तेल काढलं त्या जागी काय येतं, ते महत्त्वाचं. आता ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबीर. मटकीची उसळ, डाळ, ताक, अंडं. भाकरी दोनच्या जागी दीड. भाकरी ज्वारीची असली तरी तेही पिष्टच आहे, 'भाकरीला मधुमेह नाही' हा आपल्याकडचा गैरसमज आहे. चुरमुऱ्यांच्या जागी फुटाणे.

उपासाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक उतरते, आणि साबुदाणा खाल्ला तर दोन तासांत चढते. आमची एकादशी आता राजगिरा, भोपळ्याची भाजी आणि ताकावर होते. विठ्ठलाला चालतं.

९. मटण खाल्ल्यावर दोन तासांचा आकडा पाहून खूश होऊ नका

स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात, म्हणून साखर उशिरा चढते. पुतण्याच्या लग्नानंतरच्या मटणाच्या जेवणावर दोन तासांनी माझी साखर १५२ आली. वाटलं, जिंकलो. पाच तासांनी झोपमोड झाली म्हणून पुन्हा पाहिली तर २१४. तळकट किंवा जड जेवण झालं की एकदा उशिराचाही आकडा पाहा, तुमचं शरीर कसं वागतं ते कळेल.

१०. शेंगदाणा हा आपला आहे, पण मुठीचं माप ठेवा

हृदयाला चांगली गोष्ट म्हणून बदाम-अक्रोड सांगतात. परवडत असतील तर खा. आपल्या दाण्यांतही तेच गुण बऱ्याच अंशी आहेत, भावही किती खाली! फक्त सोलापुरी शेंगाचटणी पुढ्यात आली की भाकरीपेक्षा चटणीच जास्त जाते, हे मी जाणून आहे. लहान मूठभर दाणे दिवसाला पुरे, कूट धरून. सोबत जवसाची चटणी. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ आहे, पण जवस अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो, भाजून कुटायलाच हवा. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली स्वस्तात मिळतात, त्यांतलं ओमेगा-३ तर थेट उपयोगी पडतं. तळून नव्हे, कालवणात.

११. ताट सुधारलं म्हणून गोळी बंद करू नका

२०२१ मध्ये माझे सगळे आकडे सुधारले. मला वाटलं, आता तेल मोजतो, चालतो, कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? मनानेच बंद केली. चार महिन्यांनी एलडीएल ६२ वरून १२८ वर. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त स्टेंटचा फोटो पुन्हा दाखवला. मधुमेह आणि स्टेंट दोन्ही असलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवं, जमलं तर ५५ च्याही. तिथवर नुसत्या फोडणीने पोचता येत नाही. गोळीचा त्रास होत असेल, पाय दुखत असतील, तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. आपण आपली बंद करायची नाही.

परवा माझा रिपोर्ट आला : तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९, एलडीएल ५८, ट्रायग्लिसराइड १३५. स्वयंपाकघरात सध्या करडईचा कॅन आहे, त्यावर सौ.च्या अक्षरात ३ तारीख घातलेली आहे. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर आजच तुमच्या कॅनवर तारीख घाला, आणि आमटीला फोडणी देण्याआधी एकदा तुमची पळी मोजून पाहा.